पाच लिटरचा हॉकिन्स, चौदा वर्षांनंतर: शिट्ट्या सोडा, मिनिटं मोजा

हॉकिन्स क्लासिक प्रेशर कुकर, पाच लिटर, साधा अॅल्युमिनियमचा. नाशिकला स्वतःचं बिऱ्हाड मांडलं तेव्हा घेतलेला, आता चौदा वर्षं झाली. या काळात मिक्सर दोन झाले, शेगडी बदलली, फ्रिज बदलला, कुकर तोच आहे आणि रोज एकदा तरी लागतोच, म्हणजे पाच हजार वेळा तर नक्की गॅसवर चढला असेल. रिंग बऱ्याच वेळा बदलली, सेफ्टी व्हॉल्व्ह दोनदा, दांडीचा स्क्रू एकदा आवळला. बाकी काही नाही. खरं तर एवढ्यावर रिव्ह्यू संपतो, घ्या म्हणून. पण मला जरा जास्त लिहायचंय कारण मध्यंतरी न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला आणि तिने विचारलं, "ताई, आईच्या तीन शिट्ट्या म्हणजे नेमकी किती मिनिटं गं?"

तिच्याकडे इन्स्टंट पॉट आहे, विजेवरचा, तो शिट्टी वाजवतच नाही, त्यावर मिनिटांचा आकडा टाकायचा असतो. आणि आपल्या घरातलं कुकरचं सगळं ज्ञान शिट्टीत. वरणाला तीन, बटाट्याला दोन, छोल्यांना सहा. आईला विचारलं तर ती म्हणाली अगं तीन म्हणजे तीन, त्यात मिनिटं कसली. मला मात्र तो प्रश्न सोडून देववेना, कारण मी मायक्रोबायॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे आणि दिवसभर ऑटोक्लेव्ह चालवते. ऑटोक्लेव्ह म्हणजे लॅबचं सामान निर्जंतुक करायचा कुकरच, फक्त मोठा आणि दाब-तापमानाचा काटा असलेला. १५ पाउंड दाब, १२१ डिग्री, १५ मिनिटं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात पाठ करायला लावतात. काटा १२१ ला पोचल्याशिवाय घड्याळ सुरू करायचं नाही, ही पहिली शिस्त. आणि घरी येऊन मी इतकी वर्षं शिट्ट्या मोजत होते.

तर आधी हे यंत्र करतं काय ते सांगते. उघड्या पातेल्यात पाणी १०० डिग्रीला उकळलं की संपलं, खाली कितीही जाळ करा, पाणी १०० च्या वर जात नाही, नुसतं वाफ होऊन उडतं. म्हणजे जादा गॅस सगळा वाफेत जातो, डाळीला त्याचा उपयोग शून्य. झाकण घट्ट बसवलं की ती वाफ आत कोंडते, दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाण्याला उकळायला जास्त तापमान लागतं. बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो चढवला की पाणी १२० डिग्रीच्या आसपास उकळतं. घरगुती कुकर याच दाबाला बांधलेला असतो. आता वीसच डिग्री जास्त म्हटलं तर फार वाटत नाही, पण शिजणं ही रासायनिक क्रिया आहे आणि ढोबळ नियम असा की दर दहा डिग्रीला तिचा वेग जवळपास दुप्पट होतो. वीस डिग्रीला चौपट. पाऊण तासाची डाळ दहा-बारा मिनिटांत होते ती अशी. महाबळेश्वरला उघड्यावर भात करून बघा, तिथे उंचीमुळे हवेचा दाब कमी, पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं म्हणून तो रेंगाळतो. कुकर मात्र तिथल्या हवेवर आपला एक किलो चढवतोच, त्यामुळे तिथेही फारसं अडत नाही.

आता ती शिट्टी. झाकणाच्या मधोमध एक बारीक नळी असते आणि तिच्यावर वजन बसतं, त्यालाच आपण शिट्टी म्हणतो. हिशेब सोपा आहे, नळीचं भोक ३ मिलिमीटरचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक किलोच्या दाबाला रोखायला ७० ग्रॅम वजन पुरतं. आतला दाब त्याच्यावर गेला की वजन उचललं जातं, वाफ सुटते, दाब उतरतो, वजन परत बसतं. म्हणजे शिट्टी कुकरचा एवढाच निरोप देते की दाब पुरा झाला, आता जास्तीचा बाहेर टाकतोय. किती वेळ शिजलं हे तिला माहीतच नसतं. शिट्ट्या किती आल्या हे ठरतं खाली आच किती आहे आणि आत पाणी किती आहे त्याच्यावर.

हे मी एका रविवारी करून बघितलं. दोन्ही वेळा एक वाटी तूरडाळ, अर्धा तास भिजवलेली, पाणी तेवढंच, बर्नर तोच. पहिल्यांदा आच मोठीच ठेवली, तर पहिल्या शिट्टीपासून तिसरी यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्यांदा पहिली शिट्टी झाल्यावर गॅस अगदी बारीक केला, तर तिसरी शिट्टी अकराव्या मिनिटाला आली. दोन्ही "तीन शिट्ट्या"च. पहिल्या डाळीचा दाणा दाताखाली आला, दुसरी पळीने नुसती हलवली तरी एकजीव झाली. दुसरी डाळ आणि पहिली डाळ यांच्यात तापमानाचा फरक काहीच नव्हता, दाब पुरा झाल्यावर मोठा गॅस ठेवून आतलं तापमान वाढत नाही, वजन ते वाढू देतच नाही, मोठा गॅस फक्त शिट्ट्या वाढवतो. आईची तीन शिट्ट्यांची डाळ नेहमी मऊ व्हायची कारण तिची शेगडी जुनी आणि आच मंद. बहिणीला मी उत्तर दिलं, दहा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू दे. इन्स्टंट पॉटचा दाब आपल्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो म्हणून तिला बारा लाव म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने वरणाचा फोटो पाठवला, वर तुपाची धार.

कुकरबरोबर मिळणारी पुस्तिका सहसा कोणी उघडत नाही, पण हॉकिन्सची उघडून बघा, त्यात वेळ मिनिटांतच दिलीय. दाब पुरा होईपर्यंत मोठी आच, मग बारीक करून अमुक मिनिटं. बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आपणच स्वयंपाकघरात शिट्टीची भाषा केली.

आणि हे "पहिल्यापासून" किती मागे जातं माहितीये का? १६७९. शिवाजी महाराज हयात होते त्या काळात लंडनमधे दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे एक जाड धातूचं भांडं मांडलं, घट्ट झाकणाचं, त्याला तो डायजेस्टर म्हणायचा. हा माणूस रॉबर्ट बॉइलचा मदतनीस होता, म्हणजे शाळेत दाब आणि आकारमानाचा जो बॉइलचा नियम शिकतो त्याच बॉइलचा. १६८२ च्या एप्रिलमधे सोसायटीच्या मंडळींना त्याने या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं आणि जॉन एव्हलिन नावाचा इंग्रज लेखक त्या पंगतीला होता, त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की गाय-मेंढीची कठीण हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती आणि कोळसा लागला अगदी थोडा. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. कोंडलेल्या वाफेने भांडं फुटू नये म्हणून त्याने दांडीला वजन टांगून वाफेला वाट ठेवली, सेफ्टी व्हॉल्व्ह. पुढे त्याच वाफेचा जोर बघून १६९० मधे त्याने दट्ट्या ढकलणाऱ्या वाफेच्या यंत्राची कल्पना मांडली. रेल्वेच्या इंजिनाच्या वंशावळीत एक मटण शिजवायचं भांडं आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लॅबमधल्या ऑटोक्लेव्हकडे बराच वेळ बघत बसले होते. तो ऑटोक्लेव्हही याच घराण्यातला, १८७९ मधे पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने केलेला, पापँनंतर बरोबर दोनशे वर्षांनी.

घराघरात यायला मात्र विसावं शतक उजाडलं. अमेरिकेत १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात प्रेस्टो नावाचा कुकर आला. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९१० मधे, कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला होता, खाली कोळसा आणि वर एकावर एक डबे, भात, डाळ, भाजी सगळं एकदम वाफेवर. दाब नव्हता त्यात, पण डब्यांची कल्पना बघा. वरणभाताचा कुकर लावताना खाली डाळीचा डबा, वर भाताचा, कडेला दोन बटाटे, हे आपण करतो ते त्याच जातीचं.

मग १९५९. मुंबईत एच. डी. वासुदेव यांनी इंग्लंडच्या एल. जी. हॉकिन्सबरोबर तांत्रिक करार करून प्रेशर कुकर सुरू केला. त्याच सुमाराला दक्षिणेत टीटीके कंपनीने प्रेस्टिज कुकर आणला. हॉकिन्सचा एक कारखाना आपल्या ठाण्यात आहे, बाकीचे होशियारपूर आणि जौनपूरला. आजी सांगायची की तिच्या चाळीत पहिला कुकर आला तेव्हा शिट्टी झाली की पोरं बाहेर पळायची. तोवर आधण ठेवा, तांदूळ वैरा, पेज काढा, डाळ वेगळी शिजत ठेवून रवीने घोटा, आणि हे सगळं रॉकेलच्या स्टोव्हवर, रॉकेल रेशनच्या रांगेतून आणलेलं. एका स्टोव्हवर एका वेळी वरण, भात, बटाटे तिन्ही होतात याचं त्या बायकांना काय वाटलं असेल. आजी म्हणायची, "कुकर आला आणि मला सकाळी अर्धा तास मिळाला." त्या अर्ध्या तासात ती पेपर वाचायची, शेवटपर्यंत वाचला तिने.

आता या कुकरची खासियत, झाकण. इतर बऱ्याच कुकरचं झाकण बाहेरून बसतं आणि फिरवून अडकवतात. याचं झाकण आतून बसतं. तोंड पूर्ण गोल नसतं, किंचित लांबट असतं, झाकण तिरकं करून आत घालायचं, फिरवायचं, वर ओढायचं आणि दांडीची कडी अडकवायची. नवीन माणसाला पहिले चार दिवस जमत नाही, माझ्या नवऱ्यालाही शिकवायला लागलं, नंतर हात आपोआप वळतो. फायदा असा की आतली वाफ झाकणाला वर ढकलते आणि झाकण तोंडाच्या कडेवर आणखी घट्ट दाबलं जातं. तोंड १६ सेंटिमीटरचं धरलं तरी क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर होतं, एक किलोच्या हिशेबाने २०० किलोचा जोर. उघडायचं तर झाकण आधी खाली ढकलावं लागतं, म्हणजे दोनशे किलोच्या विरुद्ध. कुणाच्या बापाला जमणार नाही. वाफ जिरली की तेच झाकण स्वतः सैल होऊन खाली टपकतं, आवाज येतो, टक्. तो "टक्" आवाज आला की कुकर उघडायचा, वेगळं तपासायची गरजच नाही. घरात लहान मूल असेल किंवा वयस्कर माणूस एकटं स्वयंपाक करत असेल तर मी याच एका कारणासाठी आतल्या झाकणाचा घ्या म्हणेन. बदल्यात तोंड भांड्यापेक्षा लहान असतं, त्यामुळे डबे त्या मापाचेच घ्यावे लागतात, घरातला कुठलाही डबा आत जाईल असं नाही.

मी इतकं पोटतिडकीने सांगतेय त्याला कारण आहे. शिकत असताना पुण्यात भाड्याच्या खोलीत आम्हा मैत्रिणींकडे एक जुना कुकर होता, कुठला ते सांगत नाही, दोष कुकरचा नव्हताच. त्यात एकदा काठोकाठ तूरडाळ लावली. डाळ फसफसून वर आली, एक साल नळीच्या भोकात जाऊन बसलं, शिट्टी येईना. आम्ही गप्पा मारत बसलो, झाली नसेल अजून म्हणून. आणि एकदम धडाड आवाज, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि डाळ थेट छताला. माझ्या मैत्रिणीच्या दंडावर पोळलं, डाग अजून आहे. सेफ्टी व्हॉल्व्हने त्याचं काम केलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. बहुतेक व्हॉल्व्हमधे कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूची गोळी असते, प्रमाणाबाहेर तापलं की ती वितळते आणि वाफेला वाट होते. ती एकदा गेली की नवीन बसवायची, तीही त्याच कंपनीची, स्क्रू कोंबून किंवा एमसील लावून काम भागवणारे लोक बघितलेत मी, कृपा करून असं करू नका.

त्या दिवसापासून कुकर लावायच्या आधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघते. उजेडाचा गोल ठिपका दिसला पाहिजे, अर्धवट दिसला तर काडी घालून साफ करायची. पाच सेकंदाचं काम आहे. डाळ, तांदूळ, कडधान्य असं फुगणारं आणि फेसाळणारं काही थेट कुकरमधे असेल तर अर्ध्याच्या वर भरायचं नाही, बाकी पदार्थ दोन तृतीयांशपर्यंत चालतात. डाळीत चमचाभर तेल टाकलं की फेस कमी येतो, हे आईचं आणि ते शंभर टक्के खरं.

घाई झाली म्हणून शिट्टी उचलून वाफ काढतात तेही डाळीला नको. आत पाणी १२० डिग्रीला असतं, दाब अचानक गेला की ते सगळं एकदम उकळतं आणि डाळ नळीतून बाहेर येते. भाजी, बटाटे असतील तर ठीक. आणि वाफ जिरायला जी आठ-दहा मिनिटं लागतात त्यातही शिजत असतंच, ती वेळ मी हिशेबात धरते.

माझ्या या कुकरमधे डाळ थेट लावली तर पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून तूरडाळीला दहा मिनिटं, रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना वीस, राजम्यालाही तेवढीच, मोड आलेल्या मटकीला तर दोनच, नाहीतर लगदा होतो. डब्यांत वरणभात असेल तर बारा, कारण डब्याच्या आत उष्णता पोचायला वेळ लागतो. तुमच्या डाळीला थोडं पुढेमागे करा, डाळ जुनी असेल तर जास्त लागतं. एवढं करूनही डाळ शिजत नसेल तर पाणी बघा. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, ते डाळीच्या पेशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातलं तरी तेच होतं, आंबटात पेक्टिन सुटत नाही. आंबट नेहमी फोडणीच्या वेळी.

अॅल्युमिनियमचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. डबे स्टीलचे असतील तर अन्न अॅल्युमिनियमला लागतच नाही, खाली नुसतं पाणी असतं. त्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाका, आतून काळा पडत नाही. सांबार, टोमॅटोचं सार असं आंबट थेट शिजवायचं असेल तर मात्र स्टीलचा किंवा हार्ड अॅनोडाइज्ड, म्हणजे वर कडक थर चढवलेला अॅल्युमिनियमचा घ्या, मी स्वतः त्यासाठी तीन लिटरचा स्टीलचा वेगळा ठेवलाय. पण स्टील उष्णता नीट पसरवत नाही, खाली करपतं, म्हणून तो जाड सँडविच बुडाचाच, म्हणजे बुडात स्टीलच्या मधे अॅल्युमिनियमचा थर असलेला, बघून घ्यावा. रोजच्या वरणभाताला अॅल्युमिनियम हलका, लवकर तापणारा आणि स्वस्त, पाच लिटरचा साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतो. चार-पाच माणसांना पुरतो. कुठलाही घेतलात तरी आयएसआय मार्क बघा, २०२० च्या सरकारी आदेशाने घरगुती कुकरला तो सक्तीचा केलाय, तरी ऑनलाइन बिनमार्कचे दिसतात.

रिंगबद्दल शेवटचं. कडेने वाफ फुसफुसायला लागली, शिट्टीला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला, की रिंग गेली समजा. सैल रिंग फ्रिजरमधे ठेवली तर एक-दोन दिवस चालते, तेवढ्यात नवीन आणा. दुकानात जाताना जुनी बरोबर न्या आणि नवीन तिच्यावर ठेवून बघा, आणि कंपनीचं नाव छापलंय का तेही. मला एकदा एका दुकानदाराने "सेमच आहे ताई" म्हणून दुसरीच दिली होती, सात दिवसांत ती ताणून इतकी मोठी झाली की झाकणातून खाली लोंबायला लागली. गेल्या महिन्यात आणली ती ओरिजिनल आहे, काल घड्याळ लावून बघितलं, डब्यांतल्या वरणभाताला पहिली शिट्टी नवव्या मिनिटाला आली, पूर्वी यायची तशी.